हिरवा पट्टा

दलेंदाने पाठवलेली साइट नायलाने उघडली तेव्हा दुपारची भांडी नुकतीच पालथी घालून झाली होती आणि तिचे हात अजून ओले होते. तिने ते कमरेच्या फडक्याला पुसले, चष्मा लावला आणि स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी बसली. पान पांढरंशुभ्र होतं. वर दोन रिकाम्या रेघा, बाकी काही नाही. एका रेघेवर तिने ट्युनिस लिहिलं, दुसऱ्या रेघेवर मॉन्ट्रियल. मग पानाने विचारलं, इथलं माणूस कधी उठतं, कधी निजतं, कामावर कधी असतं. आणि तेच तिथल्या माणसाबद्दल. विचारण्याची रीत अशी, की कुणी समजूतदार बाई शेजारी बसून हळूच विचारतेय असं वाटावं. तिची लेक शीराझ तिकडे औषधांच्या दुकानात दुपारी कामाला लागते, सकाळी मोकळी असते, हे नायलाला ठाऊक होतं. तिने ते भरलं. खाली दोन पट्टे उमटले, एकाखाली एक. रात्रीचे तास काळपट निळे, कामाचे राखाडी, आणि जिथे दोन्हीकडची माणसं जागी असतील, मोकळी असतील, तिथे दोन्ही पट्ट्यांमधून आरपार हिरवा रंग. नायलाने मनात धरला होता दोऱ्याएवढा हिरवा. हा तर चांगला ऐसपैस पट्टा होता. इथल्या जेवणाच्या वेळेपासून इथल्या दिवेलागणीपर्यंत. रोज. आपलं काहीतरी चुकलं असेल म्हणून तिने सगळं पुसून पुन्हा भरलं. पट्टा तसाच आला, तितकाच रुंद. तिने बोट सरकवलं तसे त्याच्या कडेने दोन्हीकडचे तास हलकेच वर आले आणि विरून गेले, आणि त्या घटकेलाही तिच्या मनात आधी हेच आलं, की काय सुरेख केलंय कुणी हे. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: आईशी बोलायला वेळ सापडावी म्हणून बनवलं. बनवणाऱ्याचं नावही नव्हतं. नायलाने लॅपटॉप मिटला. नळाला थेंब धरला होता तो पडला, दुसरा धरला. ‘वेळच जुळत नाही गं, उम्मी,’ शीराझ म्हणायची. दोन वर्षं म्हणत होती. आणि नायलाही शेजारणींना, बेकरीवाल्याला, नातेवाइकांना तेच सांगत आली होती, चांगल्या ठाम आवाजात: काय करणार, तिकडची वेळ वेगळी, इथे आपण जेवायला बसलो की ती झोपेतून उठते.

अशी साधी, नेटकी, विचारलं तेवढंच सांगणारी पानं नायलाला आवडायची, याला तिची जुनी नोकरी कारणीभूत होती. टेलिफोन खात्याच्या चौकशी विभागात तिचं सगळं आयुष्य गेलं. लोक फोन करायचे, नाव सांगायचे, ती नंबर सांगायची. कानाला यंत्र, समोर जाडजूड पुस्तकं, नंतर पुस्तकांच्या जागी हिरव्या अक्षरांचे पडदे, आणि रांगेने बसलेल्या बायका, सगळ्यांचा आवाज एकसारखा घडवलेला. आवाजात हसू हवं, पण हसायचं नाही. माणूस रडत असला तरी त्याला नंबर द्यायचा, दोनदा सांगायचा, आभार मानायचे, पुढचा घ्यायचा. तिला ते काम मनापासून आवडे. कुणीतरी गोंधळून विचारतंय आणि आपल्या तोंडून बरोबर सहा-आठ आकडे पडतायत, याच्यातलं समाधान तिला घरात कशात मिळालं नव्हतं. निवृत्तीनंतर ते गेलं, आणि मग नणंदेने, म्हणजे दलेंदाने, हा नवा नाद लावला. दलेंदा विधवा, बार्दोला एकटी राहायची, आणि चांगल्या चांगल्या साइट शोधून काढणं हा तिचा धंदाच झाला होता म्हणायला हरकत नाही. घरात आहेत तेवढ्या जिनसांत काय शिजेल ते सांगणारी साइट. फोटोतला नको तो माणूस पुसून देणारी. समुद्रावर या घडीला कुठलं जहाज कुठे आहे ते बाणांनी दाखवणारी. ती रोज एक तरी पाठवायची, आणि पाठवून गप्प बसणारी ती नव्हती. त्या दुपारीही तिचा फोन आलाच.

“वहिनी, बघितलीस का?”

“बघितली.”

“मग? कसली झकास आहे ना! जाहिरात नाही, ‘मान्य आहे’ दाबा नाही, तुमचं नाव-गाव-पत्ता नाही. उघडलं की समोर. असला नवरा मिळायला हवा होता मला.”

“चांगला होता की तुझा.”

“चांगला होता गं, पण उघडायलाच पंधरा वर्षं लागली. आणि उघडला तर आत काय, फुटबॉल. बरं ते जाऊ दे, पोरीची वेळ घालून बघितलीस का? मी मुद्दाम तुझ्यासाठी धाडली.”

“बघितली.”

“निघाली का थोडीफार?”

“निघाली,” नायला म्हणाली. “थोडी निघाली.”

“बघ! आता पकड तिला. म्हणावं, पळतेस कुठं, कागद आहे माझ्याजवळ.”

दलेंदा हसली, नायलाही हसली, आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हसलो तो चौकशी विभागातला आवाज होता. हे तिला अलीकडे वारंवार जाणवे. आपल्या गळ्यात दुसरी एक बाई बसलेली आहे आणि गरज पडली की ती पुढे होते. शीराझशी बोलतानाही तीच पुढे व्हायची का? नायला आठवू लागली. महिन्या-दीड महिन्याने फोन व्हायचा, तोही नायलाने तीन-चार वेळा करून पाहिल्यावर. सगळं ठीक ना? जेवतेस ना नीट? फारेस कसा आहे? घर उबदार आहे ना? शीराझ म्हणायची, ठीक, हो, मजेत, हो. मुलगी दिसायची नीटनेटकी, केस बांधलेली, मागे भिंत, भिंतीवर काही नाही. मग म्हणायची, उम्मी, पळते आता, आज बर्फ फार आहे, बस चुकेल. आणि फोन ठेवल्यावर नायलाला कसं हलकं वाटायचं. सगळं ठीक आहे, हे तिने तपासून घेतलेलं असायचं. लेकीचं लग्न चांगल्या मुलाशी झालं, लेक परदेशात आपल्या पायावर उभी आहे, जावई कामसू आहे. फारेस पहिल्यांदा घरी आला होता तेव्हा त्याने नायलाच्या नवऱ्याबरोबर, मोंजीबरोबर, माशाचे काटे काढत तासभर बंदराच्या गप्पा मारल्या होत्या, आणि जाताना नायलाच्या हाताचा मुका घेतला होता. वीस माणसांत उठून दिसावा असा मुलगा नव्हता, पण ज्याच्याबद्दल कधी चौकशी करावी लागणार नाही असा होता.

रेडिओची साइट दलेंदाने त्याच्याआधी पाठवली होती. पृथ्वीचा गोळा हाताने फिरवायचा, कुठल्याही गावावर बोट टेकवायचं आणि त्या गावात त्या क्षणी वाजत असलेला रेडिओ ऐकायचा. ती उघडली त्या दिवशी नायला लहान मुलीसारखी हरखली होती. मग गोळा मॉन्ट्रियलवर थांबला तो थांबलाच. आता भाजी चिरताना तिच्या स्वयंपाकघरात तिकडची सकाळ वाजत असे. कुठल्या पुलावर गाड्या खोळंबल्यात, कुठे नळ फुटलाय, आज किती उणे आहे, उद्या किती असेल. फ्रेंच थोडं वेगळं, नाकातलं, पण तिला कळे. भोपळी मिरच्या भाजल्याचा वास आणि तिकडच्या बर्फाच्या बातम्या एकाच वेळी घरात असायच्या आणि तिला वाटायचं, आपण लेकीच्या शेजारच्या खोलीत बसलोय. मग शहराच्या चौकाचौकांतले कॅमेरे दाखवणारं पान मिळालं. तेही फार छान केलेलं, नकाशावर टिंबं, टिंबाला हात लावला की तो चौक. शीराझ जिथे राहते म्हणून सांगत आली होती त्याच्या अगदी जवळचा एक चौक होता. नायला तो बघत बसायची. माणसं जायची, मुंग्यांएवढी, काळ्या कोटांतली. यातली एखादी आपली असेल, असं म्हणून ती प्रत्येकीची चाल निरखायची. एका फोनमध्ये शीराझ म्हणाली, ‘उम्मी, इथे नुसतं वादळ चाललंय, काही दिसत नाहीये खिडकीतून, नंतर करते.’ नायलाच्या समोर लॅपटॉप उघडाच होता. चौकात लख्ख ऊन पडलं होतं आणि एक माणूस कुत्र्याला घेऊन आरामात उभा होता. तेव्हा तिने मनाची समजूत घातली, की कॅमेरा जुनं दाखवत असेल, किंवा शीराझ दुसऱ्या भागात गेली असेल. तेव्हा तिला जागा होती समजूत घालायला. एकेक चांगली साइट येत होती आणि तिच्याजवळची एकेक सबब काढून घेऊन जात होती. बर्फ गेला, बस गेली, आणि आता हा हिरवा पट्टा आला आणि वेळही गेली. तिच्या हाती काहीच राहिलं नाही. आता राहिली होती ती फक्त शीराझ, जिला फोन करता येत होता आणि जी करत नव्हती.

त्यानंतरचे दिवस ती त्या पट्ट्यात राहू लागली. पट्टा सुरू झाला, हे तिला घड्याळ न बघता कळायचं. आता ती उठली असेल. आता चहा करत असेल, नाही, तिकडे कॉफी. आता मोकळी आहे. आता या क्षणी हातात फोन आहे तिच्या. आणि तिला न कळता तिच्या नजरेला आणखी एक गोष्ट पडू लागली. चार वाजायला आले की मोंजी कॉफीहाउसला जायला निघायचा. त्यात नवीन काही नव्हतं; रादेसच्या बंदरात क्रेन चालवायचा तेव्हापासून तो सुटीच्या दिवशी तिथेच पडीक असायचा, आणि निवृत्तीनंतर रोज. अल-करमच्या स्टेशनामागचं ते कॉफीहाउस, तीच टेबलं, तेच पत्ते, तेच म्हातारे. पण हल्ली तो जाताना दाढी करायचा. फोनचा चार्जर खिशात घालायचा. पत्ते खेळणाऱ्याला चार्जर कशाला लागतो, हा प्रश्न आधी नायलाला पडला नव्हता. आता पडला. आणि परत यायचा तो काहीतरी घेऊन आल्यासारखा, तोंडावर उजेड असायचा. जेवताना मधेच म्हणायचा, “यंदा तिकडची नदी गोठली म्हणे.” “तुला कुणी सांगितलं?” “टीव्हीवर होतं कॉफीहाउसात.” एकदा म्हणाला, “परदेशात एकट्या माणसाला भाड्याने खोली मिळणं किती कठीण झालंय.” नायला म्हणाली, “आपल्याला काय करायचंय, त्यांचं घर आहे.” मोंजीने ब्रेडचा तुकडा तेलात बुडवला, बुडवतच राहिला, आणि म्हणाला, “तेही खरंच.” दुसऱ्या बाईचा संशय यावा असं ते सगळं होतं, आणि क्षणभर नायलाने तोही धरून पाहिला. तो संशय तिला जवळजवळ सुखाचा वाटला. पण तो टिकला नाही. पट्टा चारच्या दोन्ही बाजूंना पसरलेला होता आणि चार त्याच्या अगदी मधोमध पडत होते.

गुरुवारी ती त्याच्यामागून निघाली. मागावर जायचं म्हणून नव्हे. औषधवाल्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायच्या होत्या आणि त्याला कॉफीहाउसावरूनच रस्ता होता. गोळ्या घरात होत्या. हवा ओलसर होती, समुद्राकडून येणारी, रेल्वेची गाडी मार्साकडे निघून गेली आणि फाटकावर थांबलेली माणसं रस्त्यात सांडली. कॉफीहाउसाच्या पुढच्या बाजूला तिला जाण्याचं कारण नव्हतं, तिथे बाप्येच बसत. पण बाजूच्या बोळात त्याची खिडकी होती, धुराला बाहेर जायला अर्धी उघडी ठेवलेली, आणि खिडकीच्या आत, भिंतीकडे तोंड करून, पत्त्यांच्या टेबलांपासून दूर, मोंजी बसला होता. त्याने फोन साखरेच्या भांड्याला टेकवून उभा केला होता आणि चष्मा कपाळावर ढकलला होता. नायला खिडकीच्या बाजूला, पावसाच्या पाण्याच्या पाइपाजवळ उभी राहिली. फोनचा आवाज तो नेहमी मोठा ठेवायचा, बंदरात कान गेले होते त्याचे. शीराझचा आवाज आला. हा आवाज तिने किती वर्षांत ऐकला नव्हता. भरलेला, बसका, मधेच शेंबूड ओढणारा.

“...आणि बाबा, मी तो डबा उघडला ना, तर तो जळलेला भात. त्यात मीठच नाही. आणि मी तसाच खाल्ला. उभ्याने. रडत रडत खाल्ला आणि मग मला हसूच आलं.”

“मीठ नाही? अगं मग वरून घालायचं ना, मूर्ख.”

“घरात नव्हतं. मीठ फारेस घेऊन गेला.”

“मीठ घेऊन गेला?”

“सगळं स्वयंपाकघरच घेऊन गेला ना तो उन्हाळ्यात. मला म्हणाला, तू कुठे रांधतेस. बरोबरच आहे म्हणा.”

मोंजी हसला, आणि फोनमधून शीराझही हसली, रडल्या नाकाने. मागच्या टेबलावर कुणीतरी पत्ता आपटला. मोंजी म्हणाला, “गोळ्या घेतेस ना डॉक्टरने दिलेल्या?”

“घेते.”

“झोप लागते?”

“लागते कधी. कधी नाही. तुला फोन करायचा म्हणून उठते सकाळची, नाहीतर नसते उठले.”

“आईला सांगूया का आता?” मोंजीने आवाज खाली आणायचा प्रयत्न केला, पण तो त्याला जमत नसे. “किती दिवस दडवायचं? मला घरात बसवत नाही गं तिच्यासमोर.”

“नको बाबा. पाया पडते.”

“रागावणार नाही ती.”

“रागवायचं कुठं म्हणतेय मी? रागावली तर बरं होईल.” नाक ओढल्याचा आवाज आला. “उम्मीचा फोन घ्यायचा म्हणजे मला आधी तोंड धुवावं लागतं, बाबा. केस बांधावे लागतात. त्या भिंतीपुढे बसावं लागतं. ती विचारते, सगळं ठीक ना, आणि तिला ‘ठीक’च ऐकायचं असतं. मी दुसरं काही बोलले तर तिला पुढे काय विचारावं ते कळणार नाही. मला कीव येते रे तिची. तुझ्यासमोर अशी पडून बोलता येतं.”

“बघू तरी, कशी पडलीयेस.”

“ही बघ.”

नायलाला पडदा दिसत नव्हता. मोंजीच्या टकलावर फोनचा उजेड हलला तेवढा दिसला. ती बोळातून निघाली आणि औषधवाल्याच्या दुकानावरून पुढे गेली, तिथे थांबायचं होतं हे विसरून. रस्ता संपला तिथे समुद्र होता. हिवाळ्यात तिथे कुणी नसतं; उलट्या करून ठेवलेल्या होड्या आणि उन्हाळ्यातल्या हॉटेलची बंद झडप. ती एका होडीच्या पाठीवर बसली आणि तिने स्वतःचा गुन्हा शोधायला सुरुवात केली. गुन्हा असता तर माफी मागता आली असती. तिने मुलीला कधी मारलं नव्हतं, टोचून बोलली नव्हती, लग्नात अडथळा आणला नव्हता. शिकवलं, पाठवलं, विमानतळावर रडलीही नाही, मुलीला जड जाऊ नये म्हणून. आठवून आठवून तिला एकच आठवलं. शीराझ नऊएक वर्षांची असेल, दुपारी शाळेतून घरी एकटी यायची. एके दिवशी चौकशी विभागात फोन आला, नायलाच्याच कानात, आणि पलीकडे श्वास. ‘उम्मी?’ त्या विभागात बायका पुष्कळ होत्या, फोन कुणाकडेही जायचा. पुढे कधीतरी दलेंदाकडून कळलं, की पोरगी कित्येक दुपारी तो नंबर फिरवत होती आणि दुसरा आवाज आला की ठेवून देत होती. त्या दिवशी पर्यवेक्षिका नायलाच्या खुर्चीमागेच उभी होती. नायला म्हणाली, ‘नमस्कार. कुणाचा नंबर हवाय आपल्याला?’ मग मुलीने शहाण्यासारखं सांगितलं, ‘बेकरीचा.’ नायलाने बेकरीचा नंबर दिला. दोनदा सांगितला. शीराझ म्हणाली, ‘आभारी आहे.’ संध्याकाळी घरी दोघीही त्यावर काही बोलल्या नाहीत. नायलाला तेव्हा तिचं कौतुकच वाटलं होतं, किती समजूतदार पोर आहे. हे तिने नोकरीतल्या बायकांना सांगितलंही होतं आणि त्या हसल्या होत्या. ही गोष्ट इतकी वर्षं तिच्या मनात गमतीच्या गोष्टींत ठेवलेली होती. आता समुद्रापुढे बसून तिने ती पुन्हा पाहिली. पण हिच्यासाठीही माफी कशी मागायची, आणि काय म्हणून? मी त्या दिवशी कामावर होते म्हणून?

वारा वाढला तशी ती उठली. घरी येईपर्यंत तिने मनाशी बोलणं रचलं. पुढच्या वेळी म्हणायचं: बाळा, तोंड धुऊ नकोस. अशीच ये समोर. मला सगळं कळलंय आणि मला पुढचं काय विचारायचं ते कळत नाही हेही खरं आहे, पण मी बसून राहीन. तिने ते मनात म्हटलं, मग ओठ हलवून म्हटलं. जिन्यात शेजारीण भेटली आणि म्हणाली, “काय, लेक काय म्हणते?” नायला म्हणाली, “मजेत.” तोंडातून पडूनही गेलं. घरात येऊन तिने पुन्हा म्हणून पाहिलं, मोठ्याने, स्वयंपाकघरात. बाळा, तोंड धुऊ नकोस. तिच्या कानांना ते आभारी आहोत, पुन्हा संपर्क साधावा, असंच ऐकू आलं. तोच सूर. तिला आवाज बदलता येईना. तिने खोकून पाहिलं, खाली आणून पाहिला, दलेंदासारखं बोलून पाहिलं. शेवटी लॅपटॉप उघडला. असली कितीतरी पानं होती, सगळं जमवून देणारी; लोकांनी कशाकशासाठी म्हणून काय काय सुरेख बनवून ठेवलं होतं. काय शोधावं, तेच तिला लिहिता येईना. पांढऱ्या चौकोनात रेघ लुकलुकत राहिली. खिडकीत उजेड होता अजून, पण पट्ट्याचा शेवटचा भाग आला होता. आणि फोन वाजला.

शीराझ होती. आपणहून. नायलाने फोन हातात धरला आणि त्याच्याकडे बघत राहिली. मोंजीने भीड घातली असणार, कर गं आईला एक, बरं वाटेल तिला. तिने घेतला. पडद्यावर भिंत आली आणि भिंतीपुढे शीराझ. केस मागे घट्ट बांधलेले. कपाळाच्या कडेचे केस ओले होते, नुकतं पाणी मारल्याने चिकटलेले, आणि एक थेंब कानापाशी तसाच राहिला होता.

“उम्मी! कशी आहेस?”

नायलाने तोंड उघडलं. तिला तो थेंब पुसावासा वाटला. बाळा, असं म्हणायचं होतं, तेवढा एक शब्द आधी, मग पुढचं पुढे.

“मी छान,” ती म्हणाली. “तू? सगळं ठीक ना?”

आणि तिने पाहिलं, की विचारल्याबरोबर शीराझचे खांदे खाली आले, सुटल्यासारखे. मुलीला यापेक्षा वेगळ्या प्रश्नाची धास्ती होती, ती गेली. तेव्हा नायलाला कळलं की आता उशीर झाला. आपण खरं बोललो तर ही मुलगी त्या भिंतीपुढे एकदम उघडी पडेल, आपल्यामुळे, आणि मग तिला आपल्यापासून दडायला एवढीही जागा उरणार नाही.

“ठीक, उम्मी. अगदी ठीक.”

“जेवतेस ना नीट?”

“हो. काल भात केला होता.”

“आणि फारेस?”

शीराझने डोळे मिटले नाहीत, नजर हलवली नाही. चांगलं शिकली होती ती. “मजेत आहे. कामावर गेलाय. तुला सलाम सांगितलाय.”

“त्यालाही सांग माझा,” नायला म्हणाली. “म्हणावं, गळा झाकून हिंड, तिकडे वारा बोचरा असतो.”

“सांगते.”

“विसरू नकोस.”

“नाही उम्मी, आल्या आल्या सांगते.”

त्या आणखी थोडं बोलल्या. दलेंदाबद्दल, संत्र्यांबद्दल, यंदा संत्री गोड निघाली होती त्याबद्दल. मग शीराझ म्हणाली की तिला निघायला हवं, आणि नायला म्हणाली, निघ, उशीर करू नकोस. पडदा काळा झाला. ती तशीच बसली होती तेव्हा दारात किल्ली फिरली. मोंजी आला, काखेत ब्रेड, टोपी हातात. त्याने टेबलावरच्या फोनकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे.

“कुणाचा फोन होता?”

“शीराझचा.”

“अरे वा! आपणहून? काय म्हणते?”

तो ब्रेड कागदातून काढत होता, फार सावकाश. नायलाने उठून सुरी आणली, त्याच्या हातातून ब्रेड घेतला आणि फळीवर ठेवला.

“काय म्हणणार,” ती म्हणाली. “दोघंही मजेत आहेत.”

मोंजीचा हात रिकाम्या कागदावर होता, तो तिथेच राहिला. तिने वर बघितलं नाही. ब्रेड कापत राहिली, पातळ, एकसारखे तुकडे.

“बरं झालं,” मोंजी म्हणाला. “चला, म्हणजे काळजी नाही.”

“नाही,” नायला म्हणाली. “काळजी कसली.”